मागील पानावरून पुढे

आमच्या शिरूरच्या घरात कुलूप लागेल असे कपाट एकच आहे, आणि त्यात दागिने व जमिनीचे कागद असतात. अकरा माणसांच्या कुटुंबात एखाद्या सुनेने ‘ही माझी खासगी वही’ असे म्हणणे जवळजवळ उद्धटपणाचेच ठरावयाचे. तरीही लग्नानंतर कित्येक वर्षे मी अशी एक वही बाळगीत असे. ती तांदळाच्या डब्यामागे असे. सुचलेल्या ओळी, अर्धवट गोष्टी, एस.टी.त ऐकलेली संभाषणे असा ऐवज तिच्यात होता. दुसरी वही स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली. तिच्यात दुधाचा हिशेब, धोब्याचे कपडे, मुलांच्या फिया, श्राद्धाच्या तिथी. पहिली वही कोणी वाचू नये म्हणून मी लपवी, आणि लपविल्यामुळे ती चार-चार महिने माझ्याही हाती येत नसे. दुसरी सर्वांची होती, म्हणून तिच्यात माझे असे काही नसे.

व्हावयाचे तेच झाले. एका दिवाळीपूर्वी घर झाडताना थोरल्या जाऊबाईंना ती वही सापडली. त्यांनी रात्रीच्या पंक्तीत घोडनदीच्या पुरावरची माझी कविता मोठ्याने वाचून दाखविली. त्यांच्या मनात थट्टा नव्हती, उलट कौतुकच होते. मामंजी “छान आहे” म्हणाले आणि ताकाचे भांडे पुढे करावयास सांगू लागले. थट्टा झाली असती तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. त्या “छान आहे”ने मात्र पुढे दोन वर्षे मी काही लिहिले नाही.

पुन्हा लिहू लागले ती पुतणीमुळे. ती पुण्याला शिकते. एका सुट्टीत तिने ठिपक्यांच्या कागदाची एक जाड वही आणली आणि ह्या पद्धतीस ‘बुलेट जर्नल’ म्हणतात असे सांगितले. अमेरिकेतील रायडर कॅरोल नावाच्या गृहस्थांनी ती 2013 साली लोकांपुढे मांडली आणि 2018 साली तिच्यावर पुस्तकही लिहिले. लहानपणापासून ह्या गृहस्थांचे लक्ष एका जागी ठरत नसे, आणि त्यावर स्वतःपुरता उपाय शोधता शोधता ही पद्धत तयार झाली. तिचे मर्म थोडक्यात असे: पानांना आकडे घालावयाचे, पहिली पाने अनुक्रमणिकेसाठी राखावयाची, आणि काम, प्रसंग, विचार जे काही असेल ते ज्या क्रमाने येईल त्या क्रमाने एकाच वहीत थोडक्यात टिपावयाचे. कामापुढे ठिपका, प्रसंगापुढे वर्तुळ, टिपणापुढे आडवी रेघ. काम झाले की ठिपक्यावर फुली. महिना सरला की राहिलेली कामे नव्या पानावर हाताने उतरून काढावयाची आणि जुन्या जागी बाणाची खूण करावयाची. पुन्हा लिहिण्याइतके महत्त्व ज्याला नाही ते तेथेच सोडून द्यावयाचे.

पुतणीची स्वतःची वही पाहिली तेव्हा तिच्यात वेलबुट्टी फार होती. रविवारची सारी दुपार ती चौकटी रंगविण्यात घालवी, आणि सोमवारी त्या चौकटी रिकाम्या असत. मी काही बोलले नाही. आमच्या लहानपणी आम्हीही वह्यांना कव्हरे घालण्यात अभ्यासाचा वेळ घालवीत होतोच.

मला त्या पद्धतीचे नवल वाटले ते दुसऱ्याच कारणाने. आमच्या शेजारी एका आडत्याचे दुकान आहे. शिरूरची बाजारपेठ जुनी. इंग्रजांची छावणी घोडनदीकाठी होती तेव्हापासूनची वर्दळ तिने पाहिली आहे. हे शेजारी लक्ष्मीपूजनाला अजून लाल कापडी बांधणीच्या वह्या पूजतात. त्यांच्याकडे बसून मी त्यांची रीत समजून घेतली. कीर्दीत दिवसभराचे सारे व्यवहार जसे घडले तसे, एकाखाली एक. कांदा, हमाली, देवळाची वर्गणी, सारे एकत्र. मग सवडीने खतावणीत प्रत्येकाच्या नावाचे खाते, आणि प्रत्येक रकमेपुढे कीर्दीच्या पानाचा आकडा. पान भरले की बेरीज पुढच्या पानावर ओढावयाची. म्हणजे कॅरोलसाहेबांची अनुक्रमणिका ही आमची खतावणी, आणि त्यांचा बाण म्हणजे आमचे ‘मागील पानावरून पुढे’. त्यांनी ते आपल्याकडून घेतले असे म्हणावयाचा मुळीच हेतू नाही. अडचण एक असली की माणसे फार करून एकाच उपायाला येऊन पोचतात. पेशव्यांच्या रोजनिशीचे गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले उतारे ज्यांनी चाळले असतील त्यांना आठवेल की, कारभारातील लहानमोठ्या बाबी तेथे कशा शेजारी-शेजारी बसलेल्या असतात. समर्थांनी तर दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास घातला आहे, एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीच. कागदाच्या भोवताली जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही; तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामास येत नाही, इतका बारकावा त्यात आहे. ह्यांतील दुसरी सूचना मी वेळेवर ऐकली नाही. तांदळाच्या डब्यामागची वही आज मला भिंग लावून वाचावी लागते.

तेव्हा मी दोन वह्यांची एक वही केली. प्रथम एका टोकाकडून घर आणि उलट्या टोकाकडून मी, असा प्रयोग झाला. पण मधली पाने कोणाची ह्यावरून माझा माझ्याशीच तंटा होऊ लागला. शेवटी कीर्दीचीच रीत धरली. साधी दोनशे पानी रेघांची वही, आकडे मीच घातलेले, खिळ्याला टांगलेली, सर्वांना उघडी. दुधाच्या खाली कवितेची ओळ, तिच्याखाली गॅसची टाकी. शेवटच्या आठ पानांवर खतावणी: घर, मुले, तिथी, गोष्टी, ओव्या. कॅरोलसाहेबांची वर्तुळे मी सोडून दिली. झाल्या कामाला काट, राहिलेल्याला ‘पु.’, एवढ्यावर भागते. महिना इंग्रजी धरला, कारण दूधवाला तिथी मानीत नाही. सासूबाईंनी आठ दिवसांतच मध्ये “हरभऱ्याची डाळ संपली” असे लिहून ठेवले. माझ्या ओळी मात्र कोणी वाचेनासे झाले. डाळीमध्ये पडलेली कविता कोणाच्याच डोळ्यांत भरत नाही, आणि मला तेच हवे होते.

गेल्या आषाढात, महिनाअखेरीची ओढाताण करताना, एक गोष्ट लक्षात आली आणि मी पेन खाली ठेवले. मागची सात महिन्यांची पाने उलटून पाहिली. घरच्या कामांपुढे बहुतेक सर्वत्र काट होती. ‘पु.’ होते ते माझ्या कामांपुढे. आणि सातही महिने एक ओळ अक्षरशः तशीच उतरलेली होती: ‘दौंडला जाऊन आईच्या ओव्या उतरून घेणे.’

दौंड माझे माहेर. वडील रेल्वेत गार्ड होते. 1878 साली मनमाडचा मार्ग झाल्यापासून दौंड हे जंक्शन. आमच्या लहानपणी पुण्याहून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन तेथे काढून दुसऱ्या टोकाला जोडीत. तेवढ्या वेळात आई वडिलांचा डबा फलाटावर पोचवी. तिचे स्वतःचे लहानपण भीमाकाठच्या खेड्यात, पहाटेच्या जात्यावर गेले. आज ती 87 वर्षांची आहे. भाऊ-वहिनी तिचे सारे प्रेमाने करतात, त्याविषयी काळजी नाही. परंतु ओव्या तिच्याजवळच आहेत, दुसऱ्या कोणाजवळ नाहीत. शिरूरला रेल्वे नाही, तरी न्हावरे, पारगाव, चौफुला असा रस्ता आहे. सात महिने हा रस्ता मला झाला नाही, आणि त्याच सात महिन्यांत पुतण्याच्या मुंजीची खरेदी करण्यासाठी मी पुण्याला चार वेळा गेले होते. वही हे सारे तारीखवार सांगत होती.

दोष आळसाचा होता तितकाच ओळीचाही होता, असे मला वाटते. ‘गॅसची टाकी सांगणे’ हे एका माणसाने एका वेळी करावयाचे काम आहे. ‘आईच्या ओव्या उतरून घेणे’ हे काम नव्हे, तो डोंगर आहे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये अशा ओव्यांचा संग्रह केला, हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हां यांच्या कार्यातून तर खेडोपाडीच्या स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. ती माणसे आठवली की माझा हात आणखीच आखडे. मी ती ओळ खोडली आणि तिच्याजागी लिहिले: ‘बुधवार. सकाळची एस.टी. ही वही. दोन पेने. आईला नातवंडांची नावे विचारणे, तेथून सुरुवात.’ सासूबाईंनी ते वाचले असावे, कारण बुधवारी माझ्या पिशवीत थालीपिठे बांधलेली होती.

आईने ओव्या सांगितल्या, पण मागितल्या तेव्हा नाही. समोर वही उघडून बसले की ती म्हणे, “अगं, आता कुठलं आठवतंय?” आणि वहिनी भाजी निवडू लागली, मी बोलता बोलता दुधाचा भाव विचारला, की मध्येच एक चरण येई. भाऊरायाची एक ओळ सकाळी, तिची जोडीदारीण दुपारच्या चहानंतर, आणि दोहोंच्या मध्ये दौंडच्या पाण्याच्या टँकरची तक्रार. मी सारे जसे आले तसे उतरून घेतले, तक्रारीसकट. वेगळी, स्वच्छ, ‘ओव्यांची’ म्हणून वही नेली असती तर ती संध्याकाळपर्यंत कोरीच राहिली असती. घरी आल्यावर खतावणीत पानांचे आकडे मांडले, तेव्हा सत्तेचाळीस ओव्या पुऱ्या जुळल्या. नऊ अर्ध्या आहेत. तीन ठिकाणी आई दोन वेळा दोन निरनिराळ्या तऱ्हा बोलली, कोणती खरी असे विचारता म्हणाली, “ज्या दिवशी जशी आली तशी.”

तेव्हापासून मी महिन्यातून एक बुधवार दौंडला जाते. एकदा तिने वही हाती घेऊन चष्म्यातून पुष्कळ वेळ पाहिली. माझे अक्षर आता मोठे असते, तिला वाचता येते. आपल्या ओवीवर बोट ठेवून तिने खालची ओळ वाचली आणि विचारले, “हरभऱ्याची डाळ आणली का गं मग?” आणली होती, काट दाखविली. नऊ अर्ध्या ओव्यांपैकी चार अजून तशाच आहेत. त्या ह्या महिन्याच्या पानावर ओढून घेतल्या आहेत.