पकडीचा ताळेबंद

१९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाच्या जलाशयास वळसा घालून शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद आणि रतनवाडी अशा गावांवरून पुन्हा शेंडीस येणारा जो रस्ता आहे, त्यावरून मृगाच्या तोंडावर जाणारी मंडळी बहुधा काजव्यांसाठी जातात. मीही त्याच उद्देशाने निघालो होतो, परंतु कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर कार्टिंग शिकलेला माझा भाचा गाडी हाकीत असल्यामुळे माझे सारे लक्ष दिवसाउजेडीच टायरांकडे वेधले गेले.

निघण्यापूर्वी त्याने खिशातून खडू काढला आणि पुढच्या दोन्ही टायरांच्या खांद्यांवर, जेथे नक्षी संपून गुळगुळीत बाजू सुरू होते तेथे, आडव्या रेघा ओढल्या. टपरीवरील लोकांस हा काही पूजाविधी वाटला असावा. उडदावण्यास उतरून पाहतो, तो त्या रेघा खांद्याच्याही खाली, थेट बाजूपर्यंत पुसल्या गेलेल्या. अर्थात वळणात टायर फार कलंडत होता, म्हणजे हवा कमी होती. पायपंपाने दोन पौंड हवा वाढवून त्याने पुन्हा रेघा ओढल्या, आणि पुढच्या मुक्कामी त्या खांद्याच्या कडेशीच पुसून थांबलेल्या दिसल्या.

रबराची पकड ही एका तिजोरीसारखी असून ब्रेक आणि सुकाणू हे दोघेही तिच्यावरच हुकूम काढतात, हे त्याच्या पायाच्या हालचालीवरून मला उमगत गेले. वळण येण्यापूर्वी, गाडी सरळ असतानाच, तो ब्रेकचा बहुतेक खर्च उरकून घेई, आणि सुकाणू जसजसे फिरे तसतसा पाय हलका करी. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.८ धरला, तर तीस मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी सुमारे ५५ किलोमीटर ही वेगाची परिसीमा ठरते. पण बाहेरच्या कडेने शिरून, आतल्या कडेस स्पर्शून, पुन्हा बाहेर निघणाऱ्या चालकाने तीच त्रिज्या पंचेचाळीस मीटर केली की परिसीमा सुमारे ६८ वर जाते. रेसिंग लाइन म्हणून ज्या गोष्टीचा एवढा बोलबाला आहे, तिचे मूळ या साध्या भूमितीत आहे.

“मग तू त्या लाइनने का जात नाहीस?” मी विचारले.

“मामा, ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात. इथे उजवीकडचा रस्ता समोरच्याचा.”

उजव्या अर्ध्या भागावर दुसऱ्याची वहिवाट आहे, हे ध्यानी ठेवून तो आपल्या डाव्या हद्दीतच जी काही रुंदी मिळे तिचा विनियोग करीत होता. आणि वळणाच्या आतल्या कडेस लवकर न बिलगता उशिरा पोहोचत होता, कारण त्यायोगे डोंगराच्या कडेआडचा रस्ता अधिक आधी दिसतो. ही रीत मला स्वतःला वेगापेक्षा अधिक मोलाची वाटली.

घाटघर जवळ येताच पावसाची पहिली सर आली. महिनोन्‌महिने डांबरात मुरलेले तेल आणि धूळ यांचा त्या थोड्याशा पाण्यात जो राडा होतो, तो मुसळधार पावसापेक्षाही निसरडा असतो. मोठी सर त्याला धुऊन तरी नेते. गुणांक निम्म्यावर आला, तर मघाच्या त्याच वळणाची परिसीमा ताशी ३९ किलोमीटर उरते. शर्यतीतही पाऊस आला की रबर बसून तुळतुळीत झालेली नेहमीची लाइन सोडून चालक बाहेरची खरखरीत वाट धरतात, असे सांगत भाच्याने चाकांनी घासून गुळगुळीत केलेली चाकोरी सोडली आणि जेथे खडी अद्याप वर दिसत होती तेथून, हातभर कडेने, गाडी नेली. सरीमुळे सुकाणूत आलेला पोकळ हलकेपणा जाऊन त्यास पुन्हा किंचित वजन आले, असे तो म्हणाला.

रतनवाडी सोडल्यावर एका अरुंद वळणात समोरून एसटी आली. भाच्याने ब्रेक लावून गाडी बरीच अलीकडे थांबवली. एसटीच्या चालकाने बसचे तोंड पार बाहेरच्या कडेपर्यंत, आमच्या हद्दीत आणले, मग सावकाश फिरवले. आणि मागची चाके आतल्या गटारापासून वीतभर अंतरावरून निघून गेली. लांब गाडीची मागची चाके पुढच्यांच्या मागून न जाता आत सरकतात, तेव्हा तिची लाइन वेग नव्हे, लांबी ठरवते. “बघितलंत मामा? एकदाही सुकाणू दुरुस्त केलं नाही त्यांनी,” भाचा म्हणाला, आणि बस दिसेनाशी होईपर्यंत आरशात पाहत राहिला.