करजो, येजो आणि जपानी 'होशी'

वीकेंड डेस्टिनेशनच्या कुठल्याही यादीत कनेरगाव नाका नाही, आणि बहुतेक येणारही नाही. अकोला-नांदेड रस्त्यावर, वाशीम आणि हिंगोलीच्या मधला हा स्टॉप. चहा, भजी, थांबलेले ट्रक आणि एसटीची वाट बघणारी मंडळी. बस्स! पण इथे एक भन्नाट गोष्ट फुकटात ऐकायला मिळते. माझ्या सॅकमध्ये जपानी व्याकरणाचं पुस्तक नसतं, तर माझंही तिच्याकडे लक्ष गेलं नसतं.

आधी थोडा भूगोल. वाशीमकडे जाताना पैनगंगा ओलांडली की विदर्भ सुरू. स्वातंत्र्याआधी या बाजूला निजामाचा कारभार होता, पलीकडे ब्रिटिशांच्या हातातलं वऱ्हाड. १९५६ साली दोन्ही बाजू एकाच मुंबई राज्यात आल्या. बोलीला मात्र कुठला नाका अडवणार? पलीकडची वऱ्हाडी इथल्या टपरीवर बिनधास्त ऐकू येते.

तर, एक आजी नातवाला पुण्याला पाठवायला आली होती. "पोचल्यावर फोन करजो. पोळ्याले येजो."

करजो, येजो. 'कर' म्हणजे आत्ता, माझ्यासमोर. 'करजो' म्हणजे नंतर, मी बघायला नसेन तेव्हा. हुकूम म्हणावा तर बजावणार कोण? आणि नुसती इच्छा म्हणावी, तर नातवाला ती सहज टाळता येणार नाही. पुण्या-मुंबईच्या मराठीत आपण हे काम 'करशील ना?'वर भागवतो. त्यात प्रश्नचिन्ह येतं आणि थोडी धाकधूकही.

आता जपानी. तिथे स्वतःच्या इच्छेला एक रूप आहे: 'इकिताइ', जायचंय. दुसऱ्याने काही करावं असं वाटत असेल तर हे चालत नाही. तिथे 'होशी' लागतं. 'मिझु गा होशी' म्हणजे पाणी हवंय. हाच शब्द क्रियापदाच्या 'ते' रूपाला जोडला की 'किते होशी'. मराठी डोकं लगेच भाषांतर करतं, 'तू यायला हवं'. फंडा इथेच गंडतो! आपल्या 'यायला हवं'मध्ये कर्तव्य घुसतं, जरा रागही. 'होशी'मध्ये फक्त बोलणाऱ्याचं मन असतं: तू यावंस, असं मला वाटतं. ज्याने यायचं त्याला जपानीत 'नि' लागतो, आपल्याकडे 'त्याने यावं'मधला 'ने'. वाक्याच्या शेवटी क्रियापद आणि त्यावर स्वार झालेली इच्छा, हेही दोन्हीकडे सारखंच. जेएलपीटीची तयारी करणाऱ्या मराठी मुलांची इथे निम्मी मेहनत वाचते, असं माझं मत.

पण बॉसला थेट 'होशी' म्हणायचं नाही हं! तिथे 'शिते इतादाकिताइ', म्हणजे तुम्ही हे केलंत तर मला ते नम्रपणे स्वीकारायला आवडेल. जेवणाआधीच्या 'इतादाकिमास'मधलंच हे क्रियापद. समोरच्याचं काम म्हणजे आपल्या पदरात पडलेली भेट, असा सगळा मामला. (एसटीतली 'धूम्रपान करू नये' ही पाटी मला यापुढे महामंडळाची इच्छा म्हणूनच वाचावी लागणार.)

मग आजीचं वाक्य जपानीत करायला घेतलं. 'देन्वा शिते होशी': फोन करावास असं वाटतं. बरोबर आहे, पण फारच कबुलीजबाबासारखं. आजीने 'मला वाटतं' असं एकदाही म्हटलं नव्हतं. 'देन्वा शिते ने', म्हणजे फोन कर हं, हे जवळचं. पण त्यात 'जो'मधला 'नंतर' नाही, तो 'पोचल्यावर'ने वेगळा सांगावा लागतो. पैनगंगेकाठच्या बोलीने एका अक्षरात अंतर, वेळ आणि काळजी बसवलीय. ऑफिसात दिवसाला चाळीस वेळा 'प्लीज' टाइप करणाऱ्या आपल्याला हे अक्षर मिळालं असतं तर काय बहार आली असती!

एवढ्यात एसटी आली. नातू चढला, खिडकीशी बसला, कानात इअरफोन घालून मोकळा. गाडी हलली तशी आजी दोन पावलं पुढे आली आणि इंजिनाच्या आवाजावर ओरडली, "जेवजो!"