लेकरांना घेऊन लास वेगास

धाकटा भाऊ लॉस एंजेलिसला असतो. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळे त्याच्याकडे चाललोय. तिथून लास वेगास साधारण ४३० किलोमीटर, गाडीने चार-पाच तासांचा रस्ता. तिथली नाचणारी कारंजी यूट्यूबवर पाहून मुलांनी हट्ट धरला. अम्मीने मात्र एका वाक्यात विषय संपवला, "जुगार के गाँव में बच्चों को लेको जाते क्या?"

अम्मी उगीच बोलत नाही. तिच्या सख्ख्या भावाचं सोलापुरात टेलरिंगचं दुकान होतं. ते मटक्यात गेलं. ओपन-क्लोजचे आकडे मामू गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीतच मागच्या पानावर लिहायचे. आधी शिलाई मशीन गेली, मग मामीच्या बांगड्या, मग गाळा. पण मामू जिंकायचेही, हे घरात कुणी बोलत नाही. जिंकले की आम्हा भाच्यांना कुल्फी मिळायची, ईद नसतानाही नवे शर्ट मिळायचे. लहानपणी आम्हाला मामूच सगळ्यात आवडायचे.

सूरह बकराच्या २१९व्या आयतीत दारू आणि जुगाराबद्दल सांगताना त्यात लोकांसाठी काही फायदेही आहेत, हे आधी मान्य केलंय. मग गुनाह फायद्याहून मोठा आहे असं म्हटलंय. मुलांशी मला याच क्रमाने बोलायचंय. तिथे कुणी जिंकतच नाही असं सांगितलं तर समोर घंटा वाजवणारं मशीन मला खोटं पाडेल. आणि मुलांना जुगार नवा कुठे आहे? केंद्राने २०२५ साली पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तोवर क्रिकेट बघताना रमीच्या नि फँटसी टीमच्या जाहिराती चालूच होत्या, आणि त्या करणारे मुलांचे लाडके खेळाडूच.

वेगासने १९९०च्या दशकात कुटुंबांचं शहर व्हायचाही प्रयत्न केला होता. १९९३ साली पिरॅमिडच्या आकाराचं लक्सर, चाच्यांच्या जहाजांची लढाई दाखवणारं ट्रेझर आयलंड आणि शेजारी थीम पार्क असलेलं एमजीएम ग्रँड, तिन्ही उघडली. पार्क पुढे बंद पडलं, जहाजांचा खेळही थांबला. मिराजचा ज्वालामुखी २०२४ साली हॉटेलसकट गेला. एकविसाच्या आतल्यांना खेळायला बंदी आहे. लहान मुलांना कसिनोतून चालत जाता येतं, पण रेंगाळता येत नाही. आता गंमत अशी की बहुतेक मोठ्या हॉटेलांत लिफ्टकडे किंवा जेवणाकडे जायची वाट कसिनोतूनच काढलेली असते! मुलांना रोज दहादा त्यातून न्यायचं आणि तिकडे बघू नका म्हणायचं, हे मला जमणार नाही.

म्हणून कसिनो नसलेलं हॉटेल शोधलं. अशी हॉटेलं आहेत. बेलाजिओच्या मागचं व्हडारा त्यातलंच. आम्हाला खोलीत छोटं स्वयंपाकघर हवं होतं, म्हणजे हलालची शोधाशोध नको, खिचडी-लोणच्यावर भागेल. भाड्याशिवाय रिसॉर्ट फी नावाचा वेगळा आकडा असतो, तो आधीच विचारून घेतला. रविवार ते मंगळवार जायचं. शुक्रवार-शनिवारपेक्षा स्वस्त पडतं आणि जुम्माही चुकत नाही. बेलाजिओची कारंजी फुकट आहेत, संध्याकाळनंतर दर पंधरा मिनिटांनी. पोटभर बघून नऊच्या आत खोलीवर. पुढे फुटपाथवर पिसं लावलेल्या, तोकड्या कपड्यातल्या बाया फोटोसाठी हाका मारतात. ती प्रश्नोत्तरं मला आत्ताच नकोत.

सोमवार हूवर धरणासाठी ठेवलाय, गाडीने पाऊण तासावर. नेवाडाने जुगार कायदेशीर केला १९३१ साली, आणि या धरणाचं कामही त्याच वर्षी सुरू झालं. उंची २२१ मीटर. आपलं कोयना धरण १०३ मीटरचं. थोरल्याने दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतलेत आणि काँक्रीट किती लागलं ते तिथेच विचारणार म्हणतो. मेमध्ये तिथलंही ऊन तापतं, तेव्हा फजरनंतर न झोपता सातलाच निघायचं, पाण्याच्या बाटल्या गाडीत रात्रीच ठेवायच्या.