बोलकी रोजनिशी

गेल्या दिवाळींत आमची पुतणी पुण्याहून शिरपुरास आली, ती एक नवेंच व्रत घेऊन. पुण्यांत जर्मन शिकण्याच्या सोयी बऱ्याच. रानडे इमारतींत विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे, मॅक्समुल्लर भवनही आहे. अशाच एका वर्गांत ती जाते. सुटींत रोज दोन मिनिटें दिवसाची हकीकत जर्मनमध्यें सांगावयाची आणि मोबाइलवर तिचें चित्रण करून बाईंकडे पाठवावयाचें, असा तिचा नेम होता.

आठव्या दिवशीं सायंकाळीं ती माडीवर आपल्या गांवच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाविषयीं बोलत होती. 'अधर' या शब्दाशीं अडखळली. पुन्हा पुन्हा तेंच वाक्य सुरू करूं लागली. आम्ही दाराशीं उभे होतों. हंसूं आवरलें नाहीं. "भिंतीशीं काय बोलतेस?" असें आम्हीं म्हटलें मात्र, मुलांनीं तिची नक्कल सुरू केली. दुसऱ्या दिवसापासून माडी मुकी झाली.

रात्रीं जेवतांना वहिनी एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, तुमचें इंग्रजी व्याकरण तर तोंडपाठ होतें. मग मुलाखतींत शब्द कां फुटला नाहीं?"

घांस आमच्या हातांतच राहिला. ती नोकरी हातची गेली, याचें खापर आम्ही आजवर दैवावर फोडीत आलों होतों. खरें कारण हें, कीं चुकत बोलण्याची संवय आम्हांस कोणीं लागूंच दिली नव्हती. आणि आतां तोच वारसा आम्ही पोरीस देत होतों!

आम्ही माडीवर गेलों व "चुकलों," म्हणालों. पोर मनाची मोठी. तिनें पहिल्या व आठव्या दिवसाचें चित्रण लागोपाठ दाखविलें. पहिल्यांत नजर कागदावर, शब्दागणिक थांबा. ज्यास आम्ही हंसलों होतों त्या आठव्यांत मात्र, 'जमिनीस न टेकलेली मूर्ति' असें म्हणून तिनें अडलेला शब्द ओलांडला होता. अडल्या ठिकाणीं वाट काढणें, हेंच तर बोलणें!

जर्मनचीं तीन लिंगें मराठी माणसास नवीं नाहींत. गौण वाक्यांत क्रियापद शेवटीं जातें, तेंही ओळखीचें. आपल्या 'चाक' शब्दांतील 'च' तर तेथें पावलोपावलीं भेटतो. परंतु त्यांचा एक स्वर असा, कीं जिभेनें 'ई' म्हणावें आणि ओठ 'ऊ'चे करावे. पुस्तकांत ओठ दिसत नाहींत. चित्रांत दिसतात, आणि आपली चूक आपणच पाहतों.

यंत्र ऐकून घेतें, पण प्रत्युत्तर देत नाहीं. त्यासाठीं समोर माणूसच हवा. म्हणून सुटी संपेपर्यंत घरांतील एकेक श्रोता रोज माडीवर जाऊं लागला. शेवटच्या दिवशीं तिनें आम्हांसच मोबाइलपुढें बसविलें. जर्मनमध्यें आपलें नांव-गांव तेवढें सांगावयाचें होतें. तिसऱ्याच शब्दास गाडी अडली. मुलें खदखदां हंसलीं. या वेळीं मात्र आम्ही थांबलों नाहीं.