घाट, गाडी आणि सी. सी.

पनवेलच्या माणसाला घाटाचे महत्त्व सांगावे लागत नाही. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांतून आमच्या खाडीकडे उतरू लागला. गाड्यांची चाके तयार करणे हा त्या काळी पनवेलचा नावाजलेला धंदा होता, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. आज कळंबोलीच्या लोखंड बाजाराबाहेर ट्रकांची रांग पाहिली की वाटते, धंदा तोच आहे. पूर्वी गाडीवान विचारी, "बैल कसे आहेत?" आता विचारतात, "सी. सी. किती?"

हा सी. सी. गेल्या वर्षी आमच्या घरात शिरला. माझ्या पुतण्याने नोकरी सोडून मालवाहतुकीचा धंदा करायचे ठरवले. कळंबोलीहून लोखंडी पाइप आणि सळ्या उचलायच्या. आठवड्यातले चार दिवस पनवेल, उरण, पेण आणि दोन दिवस घाट चढून लोणावळा. भार दोन-अडीच टनांचा. माझे थोरले बंधू आज हयात नाहीत. त्यामुळे पहिल्या हप्त्यासाठी वहिनींनी कपाटातून आपल्या पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, गाडी कुठली घ्यायची ते तुम्ही दोघे ठरवा. पण एकदाच ठरवा. पाटल्या एकच जोड आहेत."

मी जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. वाहन म्हणाल तर माझी मजल सायकलीपलीकडे कधी गेली नाही. तरी पाटल्यांकडे पाहिल्यावर गप्प बसणे शक्य नव्हते.

पुतण्याच्या मनात अडीच लिटरची एक टर्बो पिकअप भरली होती. "काका, आता सी. सी.ला कोण विचारतो? टर्बो असला की लहान इंजिनसुद्धा मोठ्याचे काम करते," तो म्हणाला. त्याचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. २०१५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दोन हजार सी. सी. आणि त्यावरच्या मोठ्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली, तेव्हा महिंद्रांनी थोड्याच दिवसांत १.९९ लिटरचे इंजिन पुढे केले. त्यांच्या एक्सयूव्ही ५०० गाडीत २.२ लिटरचे इंजिन १४० अश्वशक्ती देत होते. धाकट्यानेही तेवढीच दिली. पुढच्या ऑगस्टात बंदी उठली; पण दोनशे सी. सी. कमी झाले तरी कागदावर अश्वशक्ती तीच राहू शकते, हे लोकांना दिसून आले.

मी कॅलेंडरचे जुने पान उलटे केले आणि पुतण्याला समोर बसवले. सी. सी. म्हणजे क्यूबिक सेंटिमीटर, घन सेंटिमीटर. इंजिनातले सगळे दट्टे खालपासून वरपर्यंत सरकताना मिळून जेवढी जागा व्यापतात, तेवढे सी. सी. टाटांची ४०७ ही गाडी १९८६ पासून आपल्या रस्त्यांवर आहे. तिच्या इंजिनाचे नाव ४९७. चार नळकांडी आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर, असा तो आकडा फोडायचा. दट्ट्याची धाव १०० मिलिमीटर. गुणाकार केला की उत्तर येते २९५६ सी. सी., म्हणजे जवळजवळ तीन लिटर. इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा हा श्वास घेते. मिनिटाला दोन हजार फेऱ्या धरल्या तर मिनिटाला सुमारे तीन हजार लिटर हवा झाली. तिचे वजन साडेतीन किलोच्या आसपास. जेवढी हवा, तेवढेच डिझेल नीट जळणार. त्याहून जास्त ओतले तर त्याचा काळा धूर होतो, जोर वाढत नाही.

टर्बोची युक्ती स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूवर एक छोटे चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. दाबलेली हवा तापते आणि तापली की विरळ होते, म्हणून तिला मध्ये इंटरकूलरमध्ये थंड करायचे. नळकांडे तेवढेच, पण श्वास दीडपट किंवा दुप्पट. युक्ती सुंदर आहे. पण चक्र फिरायला धुराचा जोर हवा, धुराला जोर यायला इंजिन जोरात चालायला हवे, आणि इंजिन मंद चालत असेल तर टर्बो असून नसल्यासारखा. त्या घटकेला तुमच्या हाती फक्त इंजिनाचे स्वतःचे सी. सी. असतात.

पुतण्याला हे पटेना. त्याच्या मित्राकडे तशीच पिकअप होती. एका सकाळी आम्ही तिच्यात कागदावर मान्य असलेला पूर्ण भार घातला आणि निघालो. शेडुंगपर्यंत गाडी हरणासारखी पळाली. खोपोली सोडून चढ लागला तरी दम टिकला, आणि पुतण्या माझ्याकडे विजयी नजरेने पाहू लागला. एवढ्यात पुढे एक कंटेनर बंद पडला होता, म्हणून ऐन चढावर थांबावे लागले. रांग हलली, पुतण्याने क्लच सोडला, आणि गाडी कण्हली. दोनतीन क्षण ती पुढे जाते की मागे, कळेना. मग टर्बो जागा झाला आणि गाडी उसळून निघाली. रांग पुन्हा थांबली, पुन्हा तेच. असे पंधरावीस वेळा झाले. क्लचचा जळका वास आल्यावर पुतण्या बोलेनासा झाला.

कर्जतला रेल्वेगाडीला मागून बँकर इंजिने जोडतात, ती गाडी हलण्याआधी जोडतात. म्हणून ती घाट चढते. टर्बो हा निराळ्या स्वभावाचा बँकर आहे. तो म्हणतो, "आधी तुम्ही दहा पावले चढा, मग मी येतो." ती दहा पावले चढण्यापुरते बळ घरचे असावे लागते. त्यातून पुतण्याचा माल दोन-अडीच टनांचा. पिकअपमध्ये तो नियमाने मावणाराही नव्हता.

परतीच्या उतारावर आणखी एक गोष्ट दिसली. घाट उतरताना शहाणा ड्रायव्हर ब्रेकवर भिस्त ठेवत नाही. खालच्या गिअरात घालून इंजिनालाच गाडी धरून ठेवायला लावतो. पाय उचलला की डिझेल थांबते, धूर मंदावतो आणि टर्बो झोपी जातो. गाडी धरून ठेवते ते इंजिनाचे पोट. चढणीला टर्बोची मदत होते, उतरणीला मात्र सी. सी.च कामी येतात. आणि जीव जातात ते बहुधा उतरणीवर.

मग जितके मोठे तितके चांगले, असे म्हणावे काय? तसेही नाही. गरजेपेक्षा मोठे इंजिन अंगाने जड, त्याचे आतले घर्षण जास्त, आणि कळंबोलीच्या सर्कलला अर्धा तास नुसते घुरघुरत उभे राहिले तरी ते जास्त पिणार. आठवड्यातले चार दिवस सपाटीचे असताना साडेपाच लिटरचे धूड पोसणे म्हणजे दोघांच्या संसाराला वाडा घेणे.

आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेज असलेला मिस्त्री माझा जुना विद्यार्थी. त्याने तिसरी वाट काढली. "सर, जुनी बिनटर्बोची ४०७ स्वस्तात मिळेल. मी तिला टर्बो बसवून देतो." मी त्यालाच विचारले, "आतले दट्टे, थंड करायची व्यवस्था, तेलाचा पंप, हे सारे जुन्या श्वासाच्या मापाने केलेले. दुप्पट श्वास त्यांना झेपेल?" तो हसून म्हणाला, "वर्षभर झेपेल, सर." शिवाय मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे. उत्पादकाच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत पुन्हा बजावले. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार. त्या वाटेला आम्ही गेलो नाही.

अखेर निवड झाली ती त्याच २९५६ सी. सी.ची, पण कारखान्यातूनच टर्बो आणि इंटरकूलर घेऊन आलेल्या ४०७ ची. पिकअपपेक्षा ती महाग होती, आणि पुतण्याला दोन वर्षे जास्त हप्ते भरावे लागणार होते. तो रात्रभर आकडे मांडत बसला. शेवटी मी त्याला एवढेच म्हटले, "सी. सी. हा पगार आणि टर्बो हा बोनस. दिवाळीला बोनस मिळतो म्हणून आपण घरभाडे बोनसवर ठरवत नाही. वाईटातल्या वाईट महिन्यात जे हातात येते, त्यावर ठरवतो. तुझा वाईट महिना म्हणजे भरलेली गाडी, ऐन चढ आणि थांबलेली रांग. त्या घटकेला पुरेल तेवढे इंजिन घे. त्यावर बोनस मिळाला तर देवाची कृपा."

आता वर्ष होत आले. घाट चढून आल्यावर पुतण्या इंजिन एकदम बंद करत नाही. मिनिटभर तसेच चालू ठेवतो, म्हणजे तापलेल्या टर्बोतले तेल जळत नाही. तेल बदलण्याची तारीख वहिनींनी एकादशी-चतुर्थीच्या शेजारी लिहून ठेवली आहे. पाटल्या अजून बँकेतच आहेत, पण हप्ता एकदाही चुकलेला नाही.

परवा शेजारच्या एका गृहस्थांनी वहिनींना विचारले, "गाडीला टर्बो आहे ना?" वहिनी म्हणाल्या, "आहे. पण आमची गाडी त्याच्यावाचूनही हलते."