खर्जाची खरेदी

गेल्या वैशाखांत आमच्या कानांचा नकाशा निघाला. नकाशा म्हणजे एक आंखीव कागद. त्याच्या डाव्या अंगास खालचे स्वर, उजव्या अंगास वरचे, आणि मधून गेलेली एक रेघ. ही रेघ डावीकडून निघून कांहीं अंतर मोठ्या ऐटींत सपाट चालली होती. पुढें घोडबंदर रस्त्यावरील खड्ड्यांत रिक्षाचें चाक जावें तशी ती एकाएकीं खालीं गेली. तपासणाऱ्या बाईंनीं त्या खड्ड्यावर पेन्सिलीचें टोंक ठेवून विचारलें, "कारखान्यांत होतां का?" प्रश्न आम्हांला दुसऱ्या खेपेस ऐकूं आला, आणि त्यांतच बाईंना उत्तर मिळालें.

आम्ही ३१ वर्षें कारखान्यांत होतों. कोलशेत रस्त्याच्या कडेला एके काळीं कारखान्यांची ओळ होती; आज तेथें उंचच उंच मनोरे उभे आहेत, आणि भोंग्याच्या वेळेस पोहण्याच्या तलावांतील मुलांचा गलबला चालतो, असें आम्हांला सांगण्यांत येतें. आमची यंत्रें भंगारांत गेलीं. जातांना तीं आमच्या कानांतूनहि कांहींतरी घेऊन गेलीं. ८५ डेसिबलच्या आवाजांत माणसानें दिवसाकाठीं आठ तासांहून अधिक राहूं नये, आणि पुढें दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी करावी, हा हिशेब आम्हांला निवृत्त झाल्यावर कळला. कानांत घालावयाचे बोळे त्या काळींहि मिळत. ते घालणाराला सोबती भित्रा म्हणत, आणि आम्ही भित्रे नव्हतों.

बहिरेपणा म्हणजे शांतता, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं आमच्याकडे दोन दिवस राहावयास यावें. आम्हांला आवाज सारे येतात. शब्द येत नाहींत. बोलण्यांतले अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टींत राहतात. स, श, फ, थ हीं व्यंजनें वरच्या मजल्यावर. आमचा वरचा मजला ओस पडल्यामुळें वाक्याची चाल कळते, वाक्य कळत नाहीं. साखर मागितली तर आम्ही भाकर आणून देतों. चिमण्या नुसत्याच चोंच उघडतात आणि मिटतात. बांगड्या हालतांना दिसतात. हें सारें एक वेळ सोसवतें. परंतु घरांतल्या माणसाला तेंच वाक्य तीनदां सांगावें लागलें म्हणजे तें माणूस वाक्यांची निवड करूं लागतें. गॅस संपला, विजेचें बिल आलें, हीं वाक्यें तीनदां सांगण्याच्या योग्यतेचीं असतात. शेजारीण काय म्हणाली, कुंडींतल्या जुईला कळी आली, हीं नसतात. आमच्या सौभाग्यवतींनीं गेल्या चार-पांच वर्षांत अशीं किती वाक्यें गिळलीं असतील, त्यांचा नकाशा कोणी काढीत नाहीं.

आतां उरलेल्या मालमत्तेविषयीं. रेघेचा डावा भाग शाबूत होता, हें वर आलेंच आहे. त्याचा प्रत्यय आम्हांला त्याच उन्हाळ्यांत एका हळदीच्या मांडवांत आला. कोलशेत हें मुळांत आगरी-कोळ्यांचें गांव. मनोरे आले तरी हळद अजून गांवाच्या रीतीनेंच होते, आणि हळदीला बेंजो लागतोच. इकडे ज्याला बेंजो म्हणतात तो खरें पाहतां बुलबुलतरंग. तो आम्हांला अर्धामुर्धा ऐकूं येतो. बाकीचा वाजविणाराच्या बोटांवरून ताडावा लागतो. त्या रात्रीं मांडवाच्या कोंपऱ्यांत एक पोरगा लांब मानेचें चार तारांचें वाद्य गळ्यांत अडकवून उभा होता. इतरांच्या मानानें तो जवळजवळ कांहींच करीत नव्हता. बोटानें एक तार ओढावी, थांबावें, दुसरी ओढावी, एवढेंच. परंतु त्याचा प्रत्येक सूर, त्याच्या आरंभासह आणि शेवटासह, आम्हांला स्वच्छ ऐकूं येत होता. किती वर्षांनीं! आम्ही ताट हातांत घेऊन तेथेंच उभे राहिलों. भात निवाला.

तें वाद्य म्हणजे बेस गिटार. भजनी मंडळांत वाढलेल्या आमच्यासारख्याला तिचें नातें तंबोऱ्याशीं लावणें सोपें जातें. काळी एकच्या तंबोऱ्यावरील खर्जाची तार सेकंदास सुमारें ६९ वेळां कांपते. बेस गिटारची सर्वांत जाड तार अवघी ४१ वेळां. म्हणजे आमच्या खर्जाच्याहि तळघरांत हिचें बिऱ्हाड. पाश्चात्त्यांकडे हें काम पूर्वी डबल बेस नांवाचें माणसाहून उंच वाद्य करी, आणि तें एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेणें हा एक प्रवासवर्णनाचा विषय होई. अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांतच कोणीकोणी तें आडवें करून पाहिलें होतें. पण १९५१ सालीं कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यांनीं जें विकावयास काढलें तें टिकलें. त्यांनीं मानेवर पडदे बसविले, त्यामुळें सूर चुकेनासा झाला. आणि म्हणूनच वाद्याला 'प्रिसिजन', म्हणजे अचूक, असें नांव मिळालें. आपल्या मुंबईंत राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत टोनी वाझ हें वाद्य वाजवीत. तीं गाणीं आम्हीं तरुणपणीं हजार वेळां गुणगुणलीं असतील. त्यांच्या खालीं कोणी खांद्यावर भार घेऊन उभा आहे, हें कधीं मनांत आलें नाहीं.

मनांत आलें तें नेमकें अडचणीच्या वेळीं. निवृत्तीच्या पैशांतून ५०,००० रुपये आम्हीं दोन्ही कानांच्या श्रवणयंत्रांसाठीं बाजूस ठेविले होते, आणि आमची नजर आतां त्याच गांठोड्यावर गेली. हा विचार सौभाग्यवतींपुढें मांडावयास आम्हांला आठ दिवस लागले. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. निदान आम्हांला तसें वाटलें. मग कागद ओढून त्यांनीं त्यावर लिहिलें: एका कानाचें यंत्र २८,०००, तुमचें वाद्य २२,०००. खालीं दोन रेघा. कानांच्या बाईंचा आग्रह दोन्ही कानांसाठीं होता, आणि शास्त्र त्यांच्याच बाजूनें होतें. तरीहि आम्हीं तो कागद घडी करून खिशांत घातला. या व्यवहारांत आमच्याहून त्यांनीं अधिक सोडलें, हें आम्हांला त्या वेळीं दिसत होतें, तरीहि घातला.

बाविसांत खर्ज कसा बसवावा, हा मग उन्हाळाभर आमचा अभ्यास झाला. एके दिवशीं लोकलनें मुंबईस जाऊन धोबीतलावावरील फुर्तादोंच्या दुकानांत शिरलों. हें दुकान १८६५ पासूनचें. तेथें भिंतीवर टांगलेल्या बेस गिटारींच्या किंमतींच्या चिठ्ठ्या वाचून आम्ही कांहीं काळ कानांचें दुखणें विसरलों. तेथल्या मुलानें मात्र आमच्या वयाचा किंवा खिशाचा उपहास न करतां बरेंच शिकविलें. नवशिक्यानें मानेची लांबी पाहावी. पुऱ्या मापाच्या वाद्यांत तारेचा चालता भाग ३४ इंच, आंखूड मापांत ३०. बोटें आंखडलीं असतील तर आंखूड बरें, पण त्यांत निवड थोडी. वजन चार किलोच्या आसपास, तेव्हां पट्टा रुंद घ्यावा. पोटांत बॅटरी असलेलीं वाद्यें असतात आणि नसलेलीं असतात; पहिलें वाद्य बिनबॅटरीचें असलेलें बरें, बिघडावयाचें एक कारण कमी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, "काका, सगळे पैसे गिटारवर घालूं नका. ॲम्पला ठेवा."

हा ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, आमच्या अंदाजपत्रकांत नव्हताच. साध्या गिटारचा लहानसा ॲम्प एका ओळखीच्याकडे पडून होता, तो चालेल असें आम्ही धरून चाललों होतों. तो चालत नाहीं, आणि कां चालत नाहीं तें कळल्यावर आमच्यांतला कारखान्याचा माणूस खूष झाला. सूर एक सप्तक खालीं न्यावयाचा आणि तितकाच मोठा ऐकवावयाचा, तर कर्ण्याच्या पडद्याला चौपट मागेंपुढें हालावें लागतें. चिमुकल्या कर्ण्याला तें झेपत नाहीं. बळेंच वाजविला तर पडदा फाटतो. म्हणून बेसच्या ॲम्पचा कर्णा मोठा, पेटी जड आणि वॅट अधिक. ढोल-ताशांबरोबर वाजवावयाचें तर दोनशें वॅटहि पुरे पडत नाहींत. बंद खोलींत शिकावयाला २० ते २५ वॅट आणि आठ इंची कर्णा पुष्कळ झाला. आठ इंची कर्ण्यांतून ४१ कंपनांचा मूळ सूर फारसा बाहेर येत नाहीं. बाहेर येतात ते त्याच्या वरचे ८२ आणि १२३ कंपनांचे. त्यांवरून खालचा सूर कान आपल्या पदरचा घालतो. आमच्या कानांच्या अंगीं असें कांहीं औदार्य अद्याप शिल्लक आहे, हें ऐकून आम्हांला त्यांच्याविषयीं पुन्हां आदर वाटूं लागला.

२० वॅटचा एक देशी ॲम्प ७,८०० रुपयांस ठाण्यांत नवाच घेतला. वाद्य जुनें घ्यावें असें ठरलें, आणि डोंबिवलींतील एका विद्यार्थ्याचा पत्ता लागला. तो परदेशीं शिकावयास निघाला होता. आम्ही दोघेंहि गेलों. शिकविल्याप्रमाणें आम्हीं वाद्य बंदुकीसारखें डोळ्याशीं धरून मान सरळ आहे का पाहिलें, खुंट्या फिरविल्या, बटणें पिळलीं. मग त्या मुलानें तारा वाजवून दाखविल्या. आमच्या छातींत तो सूर उतरला आणि आमची चिकित्सा तेथेंच आटोपली. सौभाग्यवती जवळ येऊन कांहींतरी म्हणाल्या. आम्हांला ऐकूं आलें, "बरोबर आहे." आम्हीं मान डोलावून किंमत विचारली. मुलगा म्हणाला, "बारा." आम्हीं बारा हजार मोजून दिले, त्यानें ते घेतांना जरा घुटमळल्यासारखें केलें. तो 'साडेबारा' म्हणाला होता, हें आम्हांला गाडींत कळलें. आमच्या व्याधीनें आजवर आम्हांला मिळवून दिलेली एवढीच रक्कम. तीहि दुसऱ्या दिवशीं पाठवून द्यावी लागली, कारण सौभाग्यवतींना रात्रभर झोंप आली नाहीं.

संध्याकाळच्या गर्दींत ठाण्याच्या लोकलमधून हें धूड आणणें, हा एक स्वतंत्र प्रसंग आहे. तो येथें नको. वायर आणि पट्टा यांना मिळून ७०० रुपये पडले. पुढचे तीन महिने, आषाढापासून आश्विनापर्यंत, आम्ही रोज सायंकाळीं तासभर वाजवीत असूं. ॲम्पचें बटण दोनच्या वर न्यावयाचें नाहीं, असें कानांच्या बाईंना वचन दिलें होतें. खाडीवरून पावसाळी वारा यावा, तारांना दमट हवेचा गंज चढूं नये म्हणून त्या पुसून घ्याव्या, आणि मग एकेक सूर. साध्या भजनाच्या चालीखालीं नुसता सा आणि प धरून बसण्यांत केवढें सुख आहे! सौभाग्यवती पलीकडच्या खोलींत असत. दार लावून घेत, तें आवाजामुळें असेल असें आम्हांला वाटे.

आश्विनांत यंत्र आलें. तें उजव्या कानांत बसवून घरीं आलों तों स्वतःच्या चपलांनींच दचकविलें. वर्तमानपत्राचें पान उलटतांना पत्रा फाटल्यासारखें झालें. बांगड्या वाजल्या, त्याविषयीं येथें लिहीत नाहीं. मग आम्ही मोठ्या अपेक्षेनें वाद्य घेऊन बसलों आणि जाड तार ओढली. सुराबरोबर, कौलांवर मूठभर वाळू भिरकावावी तसा एक कर्कश आवाज निघाला. दुसरी ओढली. तोच आवाज.

"हें काय?" आम्हीं विचारलें.

"खरखर," सौभाग्यवती दारांतून म्हणाल्या. "अहो, डोंबिवलीलाच सांगितलं होतं मी. तार खरखरतेय म्हणून."

"आणि हे तीन महिने?"

"तुम्हांला ऐकूं येत नव्हती ना. मग कशाला सांगायचं?"

ठाण्यांत वाद्यें दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनीं वाद्य हातांत घेतांच सांगितलें कीं, मानेच्या पोटांतील लोखंडी सळई फाजील आवळलेली आहे. मान बाणासारखी सरळ झाल्यामुळें तार पडद्यांवर आपटते. मानेला किंचित पोक असावा लागतो. (डोंबिवलीस सरळ मान पाहून आम्हीं समाधानानें वाद्य खालीं ठेविलें होतें!) त्यांनीं सहा कोनांची चावी घालून सळई पाव फेरा सैल केली, तार वाजविली, आमच्याकडे पाहिलें. आम्हीं सौभाग्यवतींकडे बोट केलें. त्या पुढें आल्या आणि मान वांकडी करून ऐकूं लागल्या. "अजून थोडी आहे," त्या म्हणाल्या. त्यांनीं आणखी किंचित फिरविली. असें चार वेळां झालें. पांचव्या वेळीं त्यांनीं 'आतां नाहीं' म्हटलें, आणि त्या गृहस्थांनीं यंत्रवाल्याला सोडून बिनयंत्रवालीचा कौल प्रमाण मानला. हजार रुपये झाले. बाविसांतले पांचशें उरले, ते विद्यार्थ्याला गेलेच होते.

परत येतांना बसमध्यें आम्हीं त्यांना उजव्या हाताला बसविलें. वाद्य गुडघ्यांच्या मध्यें उभें होतें. कापूरबावडीच्या पुढें त्यांनीं शेजारणीची एक हकीकत सांगावयास घेतली, ती ढोकाळी ओलांडली तरी चाललीच होती. शेवट बसच्या खडखडाटांत आम्हांला नीट लागला नाहीं. तो घरीं गेल्यावर पुन्हां विचारून घेतला.