आग विझल्यावर

फोंडा तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर 2022 च्या एप्रिलमध्ये आग लागली. कारण जुनी वायर. जळालं म्हणाल तर दोन वासे, काही रिपा आणि नारळाच्या सोडणांचा ढीग. बंब वेळेवर आला म्हणून घर राहिलं. पण आग तासाभरात गेली आणि तिला विझवायला आलेलं पाणी मात्र मुक्कामालाच राहिलं! माळ्याच्या फळ्यांतून ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठिबकत होतं, काजळीने काळं झालेलं.

ते नेमकं पडलं पुस्तकांच्या कपाटावर. ओली पुस्तकं फुगून एकमेकांत अशी घट्ट बसतात की ओढली तर पुठ्ठाच हातात येतो. दोन दिवसांत बुरशी धरते, आणि आपल्या हवेत तर ती वाटच पाहत असते. उन्हात घातली की पानं वाकडी होतात, म्हणून सोप्यावर सावलीत, पंख्याखाली उभी करून ठेवायची. पण एवढी पुस्तकं ठेवणार कुठे?

भाच्याला एक गोष्ट ठाऊक होती. 1986 साली लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आग लागली तेव्हा सुमारे चार लाख पुस्तकं नष्ट झाली, पण भिजलेली लाखो पुस्तकं शीतगृहांत गोठवून वाचवली गेली. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, सवडीने सुकवता येतो. शेजारणीच्या घरी मासळीचा मोठा फ्रीजर होता. उत्सवातल्या नाटकांच्या आजोबांनी स्वहस्ते लिहिलेल्या नकला प्लास्टिकमध्ये गुंडाळून आम्ही तिथे नेल्या. ‘‘राजे, महाराजे बांगड्यांच्या शेजारी!’’ आई म्हणाली. पण तिनेच पिशव्या बांधल्या.

थोड्या थोड्या बाहेर काढून, पानांत टीपकागद घालून सुकवल्या. आजोबांची शाई घरची, काजळ आणि डिंकाची. काजळ पाण्यात विरघळत नाही. कडा थोड्या पसरल्या, पण अक्षर न् अक्षर लागतं. बाबांनी मुंबईहून आईला लिहिलेली पत्रं त्याच कपाटात होती. ती फाउंटन पेनच्या निळ्या शाईची. पन्नास वर्षांपूर्वीचा तो निळा रंग सगळा पाण्याबरोबर गेला. उरले आकाशी डागांचे कागद.

आईने ते टाकू दिले नाहीत. एक कागद हातात घेऊन म्हणाली, ‘‘ह्यात खानावळीच्या आमटीची तक्रार आहे.’’ मग दुसरा घेतला, आणि त्यात काय आहे ते आम्हाला सांगितलं नाही.

भिंतींचं वेगळंच. त्या चिऱ्याच्या, मातीत बांधलेल्या. पाणी पीत गेल्या. ‘‘पावसाआधी सिमेंटचा गिलावा करून रंग मारून टाका,’’ असं येणारा प्रत्येकजण सांगे. आमचा म्हातारा गवंडी एवढंच म्हणाला, ‘‘बाब, आदीं वणटी सुकूंक दियात.’’ सिमेंटने ओल आत कोंडते आणि मग मीठ फुटतं, हे त्याने आयुष्यभर पाहिलेलं. त्याने सुटलेला जुना गिलावा खरवडला आणि भिंती उघड्या ठेवल्या. तो पावसाळा आम्ही तसाच काढला, ओल्या मातीच्या नि धुराच्या वासात. अधूनमधून भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चिकटवायचा. सकाळी आतून थेंब दिसले की थांबायचं.

जानेवारीत थेंब दिसेनासे झाले. मग चुना लावला.